मुकी हळद

आमच्या घरात परीक्षा शिमग्यावरून मोजली जायची. बाबांना बोर्डाचं वेळापत्रक कळत नसे अशातला भाग नाही. ते रोज उल्हासनगरला दूध घालायला जात, दुकानांच्या पाट्या वाचत, हाती लागलं तर वर्तमानपत्रही चाळत. पण काळ मोजायचा म्हटलं की त्यांच्या तोंडी शिमगा, आखाड, गौरी आणि दिवाळी एवढेच टप्पे यायचे. आमच्या चुलत्यांचा रमेश बारावीला होता त्या साली शिमगा बराच उशिरा आला होता, आणि रमेश होळीभोवती नाचला तो सगळे पेपर देऊन, मोकळा होऊनच. ते बाबांच्या डोक्यात पक्कं बसलं. बारावीची परीक्षा शिमग्याच्या आधी संपते. त्यामुळे आमच्या कुंदाचं लग्न ठरवायला अंबरनाथकडचे पाव्हणे आले आणि 'पोरीची परीक्षा होऊ द्या' एवढी एकच अट बाबांनी घातली, तेव्हा दोन्हीकडच्या माणसांनी मिळून शिमग्यानंतरची तिथी काढली, पेढे वाटले, आणि सगळे खूश होऊन जेवायला बसले. कुंदाच्या साली मात्र शिमगा लवकर आला.

कुंदा माझी मोठी बहीण. मोठी म्हणजे दीड वर्षानं, त्यामुळे तिला ताई म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही. धाकटा भाऊ झाला तेव्हा आई बरेच महिने अंथरुणाला खिळली होती. भाकऱ्या, म्हशींचं शेण, बाळाचे लंगोट, सगळं कुंदाने केलं आणि शाळेतलं एक वर्ष बुडवलं. पुढच्या वर्षी ती माझ्या वर्गात येऊन बसली आणि तेव्हापासून आम्ही बरोबरच. कुंदा-मंदा अशी जोडीनेच हाक यायची, दोघींना मिळून एक पुस्तक, दोघींना मिळून एक छत्री. आमचं घर हेंद्रेपाड्याच्या अंगाला, समोर आमचीच भातखाचरं, मागे गोठा. पहाटे जाग यायची ती दुधाच्या कॅन एकमेकींवर आपटल्याच्या आवाजाने, मग आईच्या तांदळाच्या भाकरीची थापथाप, मग बाबांचा टेम्पो सुरू होताना चारदा कण्हायचा. आता त्या खाचरांवर सात मजल्यांची इमारत आहे आणि तिच्या तळमजल्यावर बारावीचे क्लासेस. मी मुद्दाम त्या रस्त्याने जात नाही, पण रिक्षावाले नेमके तिथूनच नेतात.

'डीएड' हा शब्द आमच्या घरात कुंदाने आणला. मला स्वतःला पुढे काय करायचं याची काहीच कल्पना नव्हती, आणि खरं सांगायचं तर फिकीरही नव्हती. कुंदाचं मात्र सगळं ठरलेलं. आमच्या पाड्यावरच्या शाळेत एक बाई यायच्या. वर्गात आल्या की छत्री टेबलाच्या कडेला अडकवायच्या आणि मग पदर नीट करून फळ्याकडे वळायच्या. कुंदाला ती छत्री अडकवण्याची ऐट फार आवडायची. बारावी झाली की डीएड, डीएड झालं की शाळा, हे तिने गोठ्यात शेण काढताना मला इतक्यांदा सांगितलं होतं की म्हशींनाही पाठ झालं असेल. लग्न ठरलं तेव्हाही तिने पाव्हण्यांना चहा देतादेताच विचारून घेतलं होतं, आणि होणाऱ्या सासऱ्यांनी मान डोलावली होती. "पास हो, मग बगू," असं ते म्हणाले. तिच्या दृष्टीने तेवढं पुष्कळ होतं. बारावी पास व्हायची, एवढंच आता तिच्या हातात होतं.

वेळापत्रक कॉलेजच्या फळ्यावर लागलं त्या दिवशी कुंदा परतीच्या वाटेवर माझ्यापुढे चार पावलं चालत होती. घरी आल्यावर हातपाय धुतले, आईच्या बाजूला बसून दोन भाकऱ्या थापल्या आणि मग बाबा जेवत असताना म्हणाली, "बाबा, माझा भूगोलाचा पेपर लग्नाच्या दिवशी हाय."

"शिमग्याच्या पाठी पेपर कसा असंल?" बाबा म्हणाले. त्यांनी हात धुतला, खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, पुढची पानं मागे केली, मागची पुढे. रमेशच्या वेळचं साल त्यांना त्यात सापडेना. मग ते तसेच कॅलेंडर हातात धरून ओटीवर जाऊन बसले. घास ताटात तसाच राहिला होता आणि आईने त्यावर वाटी उपडी घातली.

दुसऱ्या दिवशी बाबा पाव्हण्यांकडे गेले. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडवाचा माणूस ठरला होता, मुलाला कंपनीत रजाही मंजूर झाली होती. सासरे तसे चांगले. त्यांनी बाबांना चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "येक पेपर ना? ऑक्टोबरला बसंल. आमी बसवू की." बाबा कप खाली ठेवून निघाले. तिथी काढताना तेच मोठ्या आवाजात शिमगा-शिमगा करत होते. घरी येऊन त्यांनी हे सगळं भिंतीकडे बघत सांगितलं. आत्या म्हणाली, येका पेपरानं काय व्हतंय. आई म्हणाली, बाकीचे तर देईल ना. मी काय म्हणाले ते मला आठवत नाही, बहुधा काहीच नाही. कुंदा पायरीवर बसून वाल सोलत होती. सगळे वाल सोलून झाल्यावर ती म्हणाली, "मग येक करा बाबा. हलदीला बँजो लावू नका. दुसऱ्या दिवशी मंदीचा पेपर हाय."

आगऱ्यांच्या घरात हळद बँजोशिवाय म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. लग्न एकवेळ साधं होईल, पण हळद वाजलीच पाहिजे. नुसत्या आवाजावरून चार गावं सांगतात कोणाची पोरगी आहे. पण बाबांनी ती मागणी अशी उचलली की काही विचारू नका. आत्ता मला कळतं, त्यांना करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. घरातल्या प्रत्येकालाच मिळालं. त्या पंधरवड्यात आमच्या घरी प्रत्येकजण अपराधी होता आणि कुंदाची भरपाई प्रत्येकजण माझ्यावर करत होता. आई माझ्या पानात बोंबलाचे मोठे तुकडे वाढू लागली. आत्या, जिने जन्मात कधी माझं कौतुक केलं नव्हतं, ती रोज रात्रीचं म्हशीचं दूध साय न काढता माझ्यापुढे ठेवायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची. बाबांनी माळ्यावर माझ्यासाठी नवा बल्ब लावला. भावाला गोट्या खेळायची बंदी झाली. कुत्रा भुंकला तरी काकी त्याला म्हणायची, "गप रे, मंदीचा पेपर हाय." आणि कुंदा त्याच माळ्याखाली, पापड्या वाळवता वाळवता, पाण्याला जाता-येता, मिळेल तेवढ्या वेळात वाचायची, कारण बाकीचे पेपर तर तिचेही होतेच.

ते पेपर आम्ही दोघींनी बरोबर दिले. आमचं केंद्र उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आलं होतं. बाबा तिथल्याच एका मिठाईवाल्या सिंधी शेठना दूध घालत, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत त्यांनी दुधाची दुसरी खेप मुद्दाम आमच्या वेळेला काढली. पुढे बाबा, मागे कॅनच्या मधे आम्ही दोघी, पाय पोटाशी घेऊन. अंबरनाथ मागे पडलं की खड्डे वाढत आणि कॅनचा इतका खणखणाट होई की पाठ केलेलं सगळं सांडतंय की काय असं मला वाटे. कुंदा मोठ्याने हसायची. केंद्राआधी दुकानापाशी टेम्पो थांबे आणि शेठ दोघींच्या हातावर एकेक पेढा ठेवत. "लिखो, बेटा, लिखो. पढ़ा-लिखा आदमी दुकान में नौकर नहीं रहता," असं काहीतरी म्हणत. मराठीचा, इंग्रजीचा, अर्थशास्त्राचा, समाजशास्त्राचा, प्रत्येक पेपर कुंदाला माझ्याहून चांगला गेला. परत येताना ती एकेक उत्तर सांगायची आणि मला कळायचं की मी काय काय लिहायचं विसरले.

शेवटी भूगोल राहिला, आणि हळदीचा दिवस आला.

मांडवात माणूस मावत नव्हता. बाहेर चुलीवर मटणाची पातेली, बाजूला वडे तळायला बसलेल्या चुलत्या-मावश्या, भाकऱ्यांच्या चळती. बँजोवाली पोरं वेळेवर हजर, कारण त्यांना ठरवलं होतं ते आधीच, आणि आता नको म्हणायचं बाबांच्या जिवावर आलं होतं. त्यांना जेवण दिलं, मानाने बसवलं आणि वाजवायचं नाही म्हणून सांगितलं. त्यांनी वाद्यांवर चादरी टाकल्या आणि पत्ते काढले. पाव्हणे आले की आधी इकडेतिकडे बघत, मग कोणीतरी माळ्याकडे बोट दाखवी आणि ते ओशाळून हळू बोलायला लागत. थोडी घेऊन आलेले काका एकमेकांना "शूऽऽ" करत होते ते सगळ्यांत मोठ्याने. मग त्यांच्यातल्या एकाला राहवलं नाही. तो उठला आणि नाचायला लागला, तसाच, बँजोशिवाय. त्याच्यामागे दुसरा, मग बायका. नुसता पायांचा आणि बांगड्यांचा आवाज, मधेच एखादं दाबलेलं हसू. मी हे सगळं माळ्याच्या फटीतून बघत होते. पुढ्यात भूगोल उघडा होता आणि एक ओळ डोक्यात जात नव्हती. बँजो वाजला असता तर मी कानात बोळे घालून वाचलं असतं. पण अख्खं गाव आपल्यासाठी तोंड दाबून नाचतंय, हे कळल्यावर वाचणार कसं?

आजही मला बारावीच्या घरातली शांतता सोसत नाही. कात्रपला मी राहते त्या इमारतीत दर वर्षी कोणी ना कोणी बारावीला असतंच. लिफ्टपाशी सूचना लागते, टीव्ही हळू लावा. शेजारच्या आजी फोनवर कुजबुजतात, पोरगं आतल्या खोलीत क्लासच्या टेस्ट सोडवत बसलेलं असतं आणि त्याची आई मला जिन्यात हळूच विचारते, "बाई, सीईटीचं कसं होईल हो?" मी धीर देते, माझं ते कामच होतं. पण माझं लक्ष त्या घरातल्या दुसऱ्या पोरीकडे असतं. जिच्या नावाने कोणी आवाज कमी केलेला नसतो, ती कुठे आहे?

धवलारीण जरा उशिरा आली. आमच्याकडे लग्नात भटजींइतकाच तिचा मान. धवले म्हणजे लग्नाची गाणी, ती म्हणायची तिने, हळदीचं काय आधी काय नंतर ते सांगायचं तिने. आमची धवलारीण जनाबाय वयाने मोठी आणि तोंडाने त्याहून मोठी. मांडवात शिरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गो, या घरान हलद हाय का मयत हाय?"

"हलू गा, बाय," आत्या म्हणाली. "करवलीचा उद्या पेपर हाय."

नवरीची पाठराखी बहीण म्हणजे करवली, म्हणजे मी. हळद लागल्यापासून लग्न लागेपर्यंत करवलीने नवरीला सोडायचं नसतं, आणि मी तर माळ्यावर बसले होते. जनाबायने वर बघितलं, मग पाटावर बसलेल्या कुंदाकडे. "करवलीचा पेपर हाय. आन नवरीचा नाय? दोगी येकाच वर्गान ना गो?"

 नाचणारे थांबले. नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या होत्या, त्या एकमेकींकडे बघू लागल्या. "हलद लागल्यावर नवरी उंबऱ्याभायेर कशी जाईल?" आत्या म्हणाली, पण तिच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"हातान सुरी दे, पदराला लिंबू बांद, पाठी मामाला धाड," जनाबाय म्हणाली. "माजी आजी सांगाची, तिच्या टायमाला हलदीच्या अंगानं नवरीनं भात लावलाय. पेपर काय भातापेक्षा जड हाय?"

मी शिडीच्या वरच्या पायरीवर येऊन बसले होते. बाबा खांबाला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा मला वरून नीट दिसत होता. त्यांना हो म्हणायचं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांनी एकदा त्या पाव्हण्या बायकांकडे बघितलं, एकदा कुंदाकडे, तोंड उघडलं, आणि त्यांना शब्द सापडेना. कुंदानेही ते बघितलं. माझ्याआधी बघितलं असणार. ती हसली, तोंडावर एवढी हळद होती तरी हसलेलं कळलं. "नको जनाबाय," ती म्हणाली, "मना नाय जायाचा. तुमी गा." मग जनाबाय गायली, हळू आवाजात, आणि प्रत्येक धवल्याच्या शेवटी बाबांकडे बघत राहिली. मी त्या वेळी खाली उतरून काही बोलायला हवं होतं का? बोलून काही झालं असतं असं मला वाटत नाही. पण तसं वाटत नाही म्हणून सुटका होत नाही.

सकाळी आईने सवयीने दोन ताटल्या मांडल्या. भाकरी, दूध, गूळ. मग नवरीला उपास असतो हे तिच्या लक्षात आलं आणि तिने एक ताटली उचलली, ती हातात धरून कुठे ठेवावी तेच तिला सुचेना. लग्नाच्या दिवशी नवरीच्या बापाने टेम्पो काढावा हे आत्याला पसंत नव्हतं. काका म्हणाले, रमेश सोडेल मोटारसायकलवर. बाबांनी ऐकलं नाही. कुंदा दारात आली, उंबऱ्याच्या आतच. पिवळं लुगडं, हिरवा चुडा, डोळे जागरणाचे. तिने माझं पॅड, माझी दोन पेनं तपासून दिली आणि विचारलं, "मासेमारीचा प्रश्न वाचलास का?" मी मान हलवली. मला रडू यायला लागलं तशी ती माझ्यावर खेकसली, "चल चल, रडाला माज्या लग्नान ये. बाबा, न्या तिला, उशीर व्हतो."

त्या दिवशी कॅनच्या मधे मी एकटी बसले होते. बाबांनी सबंध रस्ता एकदाही मागे बघितलं नाही. दुकानापाशी शेठनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि दुसरा पेढा बोटांत धरून टेम्पोत डोकावले. "भाऊ, आज एक ही? दूसरी किधर है?"

"उसका आज शादी है, शेठ."

"शादी? आज तो पेपर है ना?"

"हां," बाबा म्हणाले. "पेपर भी है."

शेठनी बोटांतल्या पेढ्याकडे बघितलं. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मग त्यांनी तो दुसरा पेढाही माझ्याच हातावर ठेवला. "खा ले बेटी. उसका भी तू लिख के आ." बाबांनी एकदम गियर टाकला. टेम्पो इतका जोरात उडाला की दोन्ही पेढे माझ्या मांडीवर पडले. बाबा रडत होते की नाही ते मला दिसलं नाही. केंद्रापाशी उतरल्यावर ते पाणी प्यायला म्हणून नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

आमचं आडनाव एक, वडिलांचं नाव एक, त्यामुळे आसन क्रमांक पाठोपाठ. कुंदाचा बाक माझ्या पुढे. पर्यवेक्षक बाईंनी नियमाप्रमाणे तिच्या बाकावर उत्तरपत्रिका ठेवली, प्रश्नपत्रिका ठेवली. अर्ध्या तासाने त्या उचलायला आल्या. नाव बघून थबकल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुझी बहीण का गं? का नाही आली?"

"आज तिचं लग्न आहे, बाई."

"अगं बाई, हो का!" त्यांचा चेहरा खुलला. "माझ्याकडून अभिनंदन सांग हं तिला." असं म्हणून त्यांनी यादीत तिच्या क्रमांकापुढे लाल शाईने गैरहजर असा शेरा मारला आणि कोरे कागद घेऊन पुढे गेल्या. त्यांची काही चूक नव्हती. पुढे मी स्वतः किती परीक्षांना अशीच उभी राहिले, किती कोरे कागद उचलले. नंबर टाकलेला रिकामा बाक दिसला की आजूबाजूच्या मुलींना मी विचारायची, कोण आहे, का नाही आली. उत्तरं नाना तऱ्हेची यायची. अभिनंदन मात्र मी कधी कोणाकरवी सांगितलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि सांगून हलकंही वाटत नाही. मी पास झाले, बऱ्यापैकी मार्कांनी. पुढे काय म्हणून घरात विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, डीएड. दुसरा शब्द मला येतच नव्हता. बाबांनी लगेच हो म्हटलं, काही न विचारता, तोच त्यांच्या डोक्यावरचा भार उतरवण्याचा मार्ग होता. मी शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. पहिल्या दिवशी वर्गात छत्री कुठे ठेवायची हे मला कळेना, मी ती कोपऱ्यात भिंतीला टेकवली. कुंदाच्या सासरचे शब्दाला जागले नाहीत असंही म्हणता येत नाही. भाऊजींनी स्वतः ऑक्टोबरचा फॉर्म आणला होता. पण तेव्हा तिला सातवा महिना होता आणि पाय सुजलेले. मार्चला कडेवर पोर. मग सासू आजारी, मग दुसरं पोर, आणि मग कोणी विषय काढेनासं झालं. ती सुखात आहे, हे मला ठासून सांगायला हवं, नाहीतर ती मला झोडेल. घर तिच्याच शब्दावर चालतं. माझ्या निवृत्तीच्या समारंभात ती पहिल्या रांगेत बसली होती आणि माझ्यापेक्षा जास्त रडली. मी मात्र भाषणात तिचं नाव घेऊ शकले नाही. घेतलं असतं तर बोलणंच जमलं नसतं.

तर त्या दिवशी दुपारी मी परत आले तेव्हा मांडव भरला होता आणि वाजत गाजत वऱ्हाड आल्याची वर्दी मिळाली होती. आतल्या खोलीत कुंदाला नेसवून बसवलं होतं. आत्या तिच्या कपाळाला मुंडावळ्या बांधत होती आणि मान हलवलीस तर बघ म्हणून दटावत होती. मला बघितल्याबरोबर कुंदा म्हणाली, "पेपर आन इकडं."

"आता कशाला गो?" मी म्हटलं.

"वाच."

मी तिच्यासमोर बसले. नवरीचा शालू चुरगळू नये म्हणून जरा लांबच. पहिला प्रश्न वाचला. तिने समोरच्या भिंतीकडे बघत, ओठ फारसे न हलवता उत्तर सांगितलं. दुसरा वाचला. सांगितलं. लोकसंख्येचं वितरण, मातीचे प्रकार, वाहतुकीची साधनं, एकेक मुद्दा, कॉलेजात भूगोलाच्या बाईंनी लिहून दिला होता त्याच क्रमाने. मग मासेमारीचा आला. "उथल समुद्र," ती पुटपुटायला लागली, "दंतुर किनारा, उष्ण आन शीत प्रवाहांचा संगम, भरपूर प्लवंग…" वाक्याला वाक्य जुळत होतं, मुंडावळ्यांचे मणी तिच्या गालांवर हलत होते. दारात गोळा झालेल्या बायका कौतुकाने बघत होत्या. काकी हसून म्हणाली, "बगा गो, नवरी उखाना पाठ करते. समुद्राचा हाय वाटतं."

आत्याचे हात थांबले. ती कुंदाच्या मागेच उभी होती, तिने पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं. "हाव," ती बायकांना म्हणाली, "उखानाच हाय. जावा तुमी भायेर, तिला करू द्या पाठ." आणि जाऊन तिने दार लोटून घेतलं. मुंडावळ्या बांधून झाल्या होत्या तरी ती गाठ सोडून पुन्हा बांधत बसली, सावकाश.

बाहेर कोणीतरी मामाला हाका मारत होतं, मुहूर्त जवळ आला म्हणून. मी भराभर वाचत गेले, ती भराभर सांगत गेली. एक प्रश्न तिला आला नाही, नकाशातलं एक ठिकाण. त्यावर तिने डोळे मिटून फार वेळ विचार केला आणि म्हणाली, सोड तो. शेवटचा झाल्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"किती पडले असते?"

"सत्तरच्या वर," मी म्हटलं. मला तेव्हा पेपर तपासता येत नव्हता. आता येतो, आणि मी पुन्हा पुन्हा हिशेब करून बघितला आहे. सत्तरच्या वरच.

"म्हनजे पास."

"पास."

मामा दार ढकलून आत आला आणि तिला उठवायला त्याने हात पुढे केला. तो धरून उठता उठता ती माझ्या कानाशी वाकली, मुंडावळ्यांचे मणी माझ्या मानेला लागले. "मी पास झालेय," ती म्हणाली. "पन कोनाला सांगू नको."

इतकी वर्षं मी सांगितलं नाही. आता सांगते. आमची कुंदा बारावी पास आहे.